जळताना वळणारा कागद

बँडला वाजवायला पडका कारखानाच का लागतो, हे गाण्यांचे नऊ व्हिडिओ कापून-जोडूनही एडिटर ताईला कळलं नव्हतं. गिटारला वायर नाही, आसपास चिटपाखरू नाही, तरी चौघं जिवाच्या आकांताने वाजवतायत. दुसऱ्या कडव्याला पांढऱ्या झग्यातली मुलगी अनवाणी पळणार, तिसऱ्याला काहीतरी जळणार आणि शेवटच्या धृपदाला छताखाली पाऊस पडणार.

"छताखाली?" तिने एकदा विचारलं होतं.

"भावनेचा असतो तो," दिग्दर्शक म्हणाला होता. त्याला सगळे दाढी म्हणत.

या वेळचं गाणं मात्र तिच्या धाकट्या भावाने लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आईवर. आई लाँड्रीत इस्त्री करायची. ती वाफ, ते सुजलेले पाय, सगळं गाण्यात होतं. चार मिनिटांत दोन सेकंद का होईना, आई दिसावी, एवढ्यासाठी ताईने हे काम मागून घेतलं होतं.

दुपारी फुटेज उघडलं, तर आईच्या जागी तीच झगेवाली.

"आपली आई कधी पळाली होती रे?"

"ताई, ते प्रतीक आहे."

"कशाचं?"

भावाने दाढीकडे पाहिलं. दाढी सोफ्यावर वेफर्स खात होता. "साठीच्या बाईला कोण बघणार, ताई?" तो बोटं चाटत म्हणाला.

एकेचाळिसाव्या क्लिपमध्ये एक हात दिसला, मग काडी, मग फोटो. लाँड्रीच्या दारात आई, हसत, 'नको काढू' म्हणून हात वर केलेला. काडी कोपऱ्याला लागली.

ताईने क्लिप थांबवली. "हा आपल्या कपाटातला?"

"हो," भाऊ म्हणाला. "आधी त्या मुलीच्या फोटोची प्रिंट जाळून पाहिली. प्रिंटरचा कागद नुसता काळा पडतो. जुना फोटो कसला वळतो बघ! पहिल्याच टेकला ओके."

"याची कॉपी?"

"कॅमेऱ्यात आहे ना! फोर-केमध्ये."

जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तापला की तो खालच्या कागदापेक्षा जास्त आकसतो, म्हणून फोटो वळतो. ताईला हे माहीत होतं. तरी पडद्यावर आई तिच्याकडे पाठ फिरवत होती.

तिने क्लिप एकेक फ्रेम मागे नेली. राख गोळा झाली, फुगे बसले, ज्योत काडीत शिरली, आईचा चेहरा अख्खा झाला.

"थांब!" दाढी ताडकन उठला. "हेच! शेवटच्या धृपदाला असंच उलटं टाक. लोक ढसाढसा रडतील."

"भारी, ताई," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे खरोखर ओले होते.

ताईला दाढीची तर किळस आलीच, पण कीबोर्डवरच्या स्वतःच्या बोटाची त्याहून जास्त आली.

"फोटोच्या मागे काय लिहिलं होतं, आठवतं?" तिने विचारलं.

"मागे?" भाऊ गोंधळला. "मागे होतं काही?"

निळ्या शाईत, आईच्या अक्षरात होतं: 'हसले आहे, पण पाय ठणकत होते.' ती बाजू कुठल्याच क्लिपमध्ये नव्हती.

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पर्स उचलली.

"अगं, कुठे चाललीस? उद्या द्यायचंय!"

"कापा तुम्हीच."

ती दारात चपला घालत असताना भाऊ मागून धावत आला. "ताई, काय लिहिलं होतं ते तरी सांग. सुरुवातीला अक्षरांत टाकू, काळ्या पडद्यावर."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग न सांगता ती जिना उतरली.