खडीचे टायर

गाडी विकायची आणि मी एखाद्या दुकानात बसून काम करायचं, असं घरात ठरून गेलं. मला विचारायचं तेवढं राहिलं.

मी शिलाई मशिनी दुरुस्त करते, लोकांच्या घरी जाऊन. मागच्या महिन्यात खाणीकडच्या खडीवर मोटारसायकल घसरली आणि कोपर सोलवटलं. चूक माझीच. मागचा टायर टकलासारखा गुळगुळीत झाला होता आणि मी "अजून चालेल" म्हणत होते. कोपरावर पट्टी दिसताच आमचे चिरंजीव सरसावले. "आई, आता वय बघ. बाबांची आठवण आहे हे कळतं मला, पण..."

बाबांची आठवण! ह्यांना गाडी चालवताच येत नव्हती. जन्मभर हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन माझ्या मागे बसले आणि "हळू, हळू" म्हणत राहिले. गाडी माझी आहे, माझ्या कमाईची.

संध्याकाळी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. मी मात्र सकाळीच टायर बदलायला निघाले. "चल, ओळखीचं दुकान दाखवतो," चिरंजीव एकदम गोड बोलले. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. तो स्कूटरवरून पुढे गेला. दुकानासमोरचा रस्ता खोदलेला होता, म्हणून मी गाडी अलीकडच्या कोपऱ्यावर लावली आणि चालत गेले.

टायरवाल्याने मला जन्मात पाहिलं नव्हतं. तरी मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "तुमच्या साइजचा टायर येत नाही आता, काकू. कंपनीनेच बंद केला."

"कुठल्या साइजचा?"

"तोच... तुमच्या गाडीचा."

"गाडी कुठली?"

तो चिरंजीवांकडे बघायला लागला. चिरंजीव भिंतीवरच्या ट्यूब बघायला लागले.

"गाडी कोपऱ्यावर आहे," मी म्हटलं. "पुढचा हवाय का मागचा, हेही मी बोलले नाही. अरे, पढवलेला पोपटसुद्धा आधी प्रश्न ऐकून घेतो."

राग आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. पोटच्या पोराने परक्या माणसाला हाताशी धरून आईला वेड्यात काढावं? मी स्टूल ओढून बसले. "आता माझ्या गाडीचे टायर दाखव. असतील नसतील तेवढे."

असायला तीन प्रकार होते. पहिला बारीक नक्षीचा. "एकदम मऊ, आवाज नाही. बाजारात जायला-यायला उत्तम," टायरवाला म्हणाला. त्याने मला भाजी आणायला पाठवलंसुद्धा. दुसरा धड ना इकडचा, धड ना तिकडचा. तिसऱ्याला जाड ठोकळे होते. मी खाचेत बोट घातलं, ते पेराएवढं आत गेलं.

"हा डांबरी रस्त्यावर घुं घुं करतो, काकू."

"करू दे. मीही करते. हेच बसव, दोन्ही चाकांना."

"खडीचे टायर?" चिरंजीवांना वाचा फुटली. "आई, तिकडे आता जायचंच नाही!"

"खाणीपलीकडे माझी निम्मी गिऱ्हाइकं आहेत. त्या बायकांनी मशिनी डोक्यावर घेऊन यायचं का?"

"आणि पुन्हा पडलीस तर?"

त्याचा आवाज चिरकला. भीती खरी होती, तेवढं मला कळलं. पण त्याच्या भीतीपायी मी एका जागी बसायचं, हा कुठला न्याय?

"पडले तर उठेन," मी म्हटलं. "टायर झिजला म्हणून पडले होते मी. मी नाही झिजले."

टायर बसवून झाले. "नवे आहेत, सुरुवातीला घसरतात, जपून," टायरवाल्याने बजावलं. या खेपेला खरं बोलला. मी मागच्या सीटवरची पेटी उचलून चिरंजीवांच्या हातात दिली. "बस मागे. पलीकडे एकीची मशीन अडकलीय."

पेटी मांडीवर घेऊन तो बसला. डांबर संपलं, खडी लागली. माझ्या खांद्यात बोटं रुतली.

"हळू, आई. हळू, हळू."

हुबेहूब बापाचा आवाज. माझे डोळे भरून आले. गाडी मी हळूच चालवत होते, पण ती नव्या टायरांसाठी.

जिथे पडले होते ती जागा आली आणि मागे गेली.

"आई," तो जरा वेळाने म्हणाला, "संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांग, गाडी कामावर गेलीय."

"आत्ता फोन करू?"

"उतरल्यावर कर. आधी पेटी नीट धर."