भोकाचा पैसा

“माशांना गाळून-गाळून पाणी, आन् आमच्या दिवा स्टेशनाकडं माणसांना न गाळलेलंबी दोन दिवसांआड,” विमलाबाई फडकं पिळता पिळता पुटपुटली.

सिंकपासून दोन हातांवर शेंगा निवडत बसलेल्या वासंतीबाईंनी ते नेमकं ऐकलं. “हळू बोल गं. मासे ऐकतील आणि मालकाला सांगतील.”

“सांगू देत. दादा त्यांच्याशीच जास्ती बोलतात.”

दोघी हसल्या. वर्तकनगरच्या त्या फ्लॅटमध्ये विमलाबाई नऊ वर्षं कामाला होती, आणि वासंतीबाईंशी दिवसभरात कुणी हसून बोलत असेल तर तीच. मुलगा अनिमेष वाईट नव्हता, फक्त कामात होता. सून कादंबरीही वाईट नव्हती, फक्त फोनवर होती.

हॉलच्या खिडकीपाशी पूर्वी वासंतीबाईंची कॉट होती. चार वर्षांपूर्वी तिथे खाऱ्या पाण्याची पाच फुटी काचेची टाकी आली. कॉट स्टोअररूममध्ये गेली, आणि कॉटच्या मागोमाग वासंतीबाई. “ही पोवळी जिवंत असतात, आई,” अनिमेषने समजावलं होतं. “फार नाजूक. जराशा फरकाने मान टाकतात.” वासंतीबाईंनी मान डोलावली. घरात कुणाची नाजूक तब्येत मोजली जाते, हे त्यांना कॉट हलली तेव्हाच कळलं होतं.

मग एकदा त्यांनी टाकीचं बटण बंद केलं. आयुष्यभराची सवय, रिकाम्या खोलीत काही चालू दिसलं की हात जायचाच. मासे वाचले. पण पुढच्या रविवारी कपाटावरची निळी बॅग खाली आली आणि अनिमेषने त्यांना डोंबिवलीला, मुलीकडे, वल्लरीकडे सोडलं. “हवापालट,” तो म्हणाला. ठाण्याहून डोंबिवलीला हवा नेमकी किती पालटते, ते पाच महिन्यांत त्यांना कळलं नाही. एवढंच कळलं की त्या खोकल्या की जावई टीव्हीचा आवाज एका घराने वाढवतो. कुणी कुणाला काही बोललं नाही. या घरात बोलत नसतच. बॅग भरत.

ठाण्याला परत आल्यावर, यंदाच्या नारळी पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी अनिमेषला भीत भीत विचारलं, “खाडीपर्यंत नेतोस का रे? नारळ वाहीन.”

“त्या चिखलात कशाला, आई? आपला समुद्र हॉलमध्ये आहे की,” त्याने मोबाईलवरून नजर न उचलता म्हटलं आणि ऑफिसला गेला.

त्याने गंमत केली होती. मालवणकडे जन्म गेलेल्या बाईने ती परवानगी समजली. दुपारी कादंबरी घरी नव्हती. नारळ टाकीत मावला नसता. देव्हाऱ्यातल्या डबीतून त्यांनी सासूने दिलेला तांब्याचा भोकाचा पैसा काढला. विमलाबाईने हळदकुंकवाचं ताट धरलं. वासंतीबाईंनी झाकण सरकवून पैसा सोडला. तो गिरक्या घेत दगडांमागे गेला.

“माझ्या पोराला सांभाळ,” त्या टाकीला म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात काचेवरच्या गोगलगायी टपटप खाली पडल्या. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी कुशीवर पडून पाय झाडत राहिली, दिवसभर. पोवळी मिटली, मग पांढरी पडली. अनिमेषने बाटलीत टाकीचं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी निळं झालं.

“तांबं,” तो म्हणाला. “तांबं म्हणजे यांना विष. कुठून आलं?”

देव्हाऱ्यातलं ताम्हण, पळी, पंचपात्र, वासंतीबाईंचा पाणी पिण्याचा तांब्या, सगळं त्याने डायनिंग टेबलावर मांडलं, पोलिसांनी चोरीचा माल मांडावा तसं. “अरे, देवांना तरी सोड,” कादंबरी म्हणाली. त्याने अर्धं पाणी बदललं, विष शोषणाऱ्या कोळशाच्या पिशव्या सोडल्या. तपासणीतला निळा रंग फिका झाला आणि दोन दिवसांनी परत आला.

“म्हणजे आत काहीतरी पडलंय,” अनिमेष म्हणाला.

वासंतीबाईंच्या घशाशी वाक्य आलं होतं. त्यांनी कपाटावरच्या निळ्या बॅगेकडे पाहिलं आणि ते भाताबरोबर गिळलं.

शुक्रवारी त्याने खांद्यापर्यंत हात घालून एकेक दगड बाहेर काढला. शेवटच्या दगडाखालून मूठ वर आली. उघडली. हिरवा पडलेला, मधे भोक असलेला पैसा. लहानपणी त्यानेच त्यात दोरा ओवून भिंगरी केली होती. त्याने आईकडे पाहिलं. कादंबरीनेही पाहिलं, पैशाकडे आणि मग आईंकडे.

“काय सापडलं?” कादंबरीने तरीही विचारलं.

“काही नाही. शिंपला.” त्याने मूठ पँटच्या खिशात घातली.

पोराने आपल्या चुकीवर पांघरूण घातलं, असं वासंतीबाईंना वाटलं. रात्री त्यांनी देवापुढे जास्तीचं निरांजन लावलं.

रविवारी सकाळी अनिमेषने विमलाबाईला हॉलमध्ये बोलावलं.

“देवाची भांडी चिंचेने घासता आणि त्याच हातांनी टाकीची काच पुसता. माझी चार वर्षं मातीत गेली. उद्यापासून येऊ नका.”

“हात धुते ना दादा. नऊ वर्षं धुतेच आहे.”

“आम्ही दुसरी बाई बघितलीय,” कादंबरी फोनकडे बघत म्हणाली.

विमलाबाई वासंतीबाईंकडे वळली. वाट बघत उभी राहिली. टाकीत उरलेला एकुलता मासा काचेला तोंड लावून फिरत होता. वासंतीबाईंना एकच वाक्य बोलायचं होतं. त्यांना निळी बॅग दिसली, जावयाचा वाढवलेला टीव्ही ऐकू आला.

“अगं विमल,” त्या म्हणाल्या, “हात नीट धुवायचे होतेस.”

 विमलाबाई आत गेली आणि फ्रीजवरची बशी घेऊन आली. कपडे धुताना खिशात निघेल ते, सुटे, बिलं, बटणं, नऊ वर्षं ती त्या बशीत ठेवत आली होती. तिने त्यातून हिरवा पैसा उचलला आणि टेबलावर अजून तशाच पडलेल्या देवाच्या भांड्यांशेजारी ठेवला.

“काल तुमची पँट भिजवताना निघाला,” ती म्हणाली. “मी गप होते. म्हटलं, आजी बोलतील. पैसा आजींनी टाकला, दादा. ताट मी धरलेलं. तुमाला शुक्रवारपासून ठाऊक आहे. आजींना पहिल्यापासून.”