शेजारचा स्फटिक

प्रयोगशाळेत तिला सगळे मुंगी म्हणत. बोलणं कमी, काम अखंड. चार वर्षं खपून तिने लोखंड आणि ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू घडवला होता. त्यात दोघांचे अणू शिस्तीत, एकाआड एक बसलेत असा तिचा दावा. तो खोटा ठरला, तर चार वर्षं पाण्यात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आज दुपारपर्यंतच तिच्या आणि तिच्या मार्गदर्शक सरांच्या वाट्याला होता. पडद्यावर ठिपके सुरेख षटकोनी नक्षीत मांडलेले, पण सगळे सारखेच उजळ. लोखंडाचा अणू जड, तो जास्त चमकायला हवा. इथे कोण कुठला, काही पत्ता लागेना.

"झाली सरमिसळ," चष्मा पुसत सर म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. पण उद्या बैठकीत सांगतो, हे काम थांबवू."

सरांना उलट बोलणं मुंगीला कधी जमलंच नव्हतं, पण आज ती बोलली.

"सर, आपण बहुतेक चुकीच्या बाजूनं बघतोय."

"म्हणजे?"

"एक ठिपका म्हणजे एकामागे एक उभ्या अणूंची अख्खी रांग. कवायतीला मुलगा, मुलगी, मुलगा, मुलगी असे उभे केले, तर समोरून सगळ्या रांगा सारख्याच. तिरकं जाऊन बघितलं, तर एक रांग नुसत्या मुलांची, एक नुसत्या मुलींची."

"अगं, आठवडाभर नमुन्यातला हाच स्फटिक बघतोय आपण!"

"हो ना. मोठा आणि देखणा म्हणून. त्याच्या शेजारचा स्फटिक वेगळ्या बाजूला वळलाय."

"तो? तो ओबडधोबड?"

"सर, दिसण्यावर गेलो असतो," यंत्र चालवणारे दादा म्हणाले, "तर तुमच्या हाताखाली आलोच नसतो."

सरांना हसू आवरेना. "बघा बाबा, काय बघायचं ते!"

दादांनी नमुना सरकवला, जरासा कलवला. पडदा धूसर झाला. दादांची बोटं हळूहळू फिरत राहिली आणि ठिपके एकेक करून धुक्यातून वर आले. एक झळझळीत, शेजारचा मंद. पुन्हा झळझळीत, पुन्हा मंद. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी कुणाची जागा घेतलेली नाही.

"बसलेत!" मुंगी ओरडली. "सर, जागच्या जागी बसलेत!"

"ओरडतेस काय? शेजारी वर्ग चालू आहे," सर म्हणाले, आणि लगेच तिच्या दुप्पट आवाजात, "अगं, काय बसलेत गं! उद्याच्या बैठकीत मी तोंडच उघडत नाही. तूच बोल."

"मी?"

"मग काय हे अणू बोलणार?"

दार वाजलं. पुढच्या पाळीची मंडळी आली होती. "ताई, आमची वेळ झाली."

एरवी मुंगी लगेच उठून, माफी मागून, भिंतीला चिकटून बाहेर गेली असती. आज तिने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"झाली असेल," ती म्हणाली. "आत या, आधी हे बघा."