भोंग्याचा आवाज

मला राग लवकर येतो आणि लवकर जातो, असं माझा नवरा चारचौघांत सांगायचा. पहिलं खरं होतं, दुसरं त्याने पदरचं जोडलं होतं. एक राग तर मी चाळीस वर्षं सांभाळलाय. तो कधी निवला नाही, फक्त ज्याच्यावर काढायचा तो माणूस समोर नव्हता. मागच्या रविवारी तो समोर आला.

आधी सिनेमाचं सांगते. परदेशी सिनेमा, आपल्या भाषेत आवाज भरून आणलेला. दोन वाहतूक पोलीस, चोरीला गेलेली एक रुग्णवाहिका, तिच्यात दडवलेलं सोनं आणि दोन तासांत सत्तावीस गाड्यांचा चुराडा. एक पोलीस ताडमाड, दिवसाकाठी चार शब्द बोलणारा. दुसरा त्याच्या खांद्यालाही न लागणारा, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. मूळ नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, तेव्हा आमच्या लेखकाने त्यांना खांब आणि भोंगा करून टाकलं. त्यांच्या देशात सिनेमा आपटला म्हणे. आपल्या लोकांनी डोक्यावर घेतला तो अजून खाली ठेवलेला नाही. टेम्पोच्या मागे त्यांची चित्रं आहेत, दोन मित्र जरा उंच-बुटके असले की त्यांची खांब-भोंगा म्हणूनच ओळख होते.

त्या भोंग्याचा आवाज माझा आहे. हो, बाईचा. तुमचाही विश्वास बसत नसेल, तर बसू नका, मला सवय आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांची. स्टुडिओत कागद धरायचं काम करायचे. म्हणजे पडद्यावर ओठ हलताहेत, कलाकार माईकसमोर उभा आहे आणि मी बाजूला उभी राहून त्याला पुढची ओळ दाखवतेय. गर्दीतल्या बायकांच्या किंकाळ्याही माझ्याच. भोंग्यासाठी नटवर्यांना बोलावलं होतं. नटवर्य ही पदवी त्यांना कुणी दिली देव जाणे, पण परत करायचं त्यांच्या कधी मनात आलं नाही. आवाज भारदस्त, एकेक शब्द घोळवून घोळवून बोलायची सवय, आणि भोंगा एका दमात तीस शब्द ओकणारा. एक दिवस त्यांनी त्या ओठांशी झटापट केली. संध्याकाळी म्हणाले, हा परदेशी माणूस चुकीचा बोलतो, आणि गेले ते गेलेच.

पोस्टर छापून झालं होतं, त्यावर नटवर्यांचं नाव होतं. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते. मी मधल्या वेळात भोंग्याची नक्कल करून सगळ्यांची करमणूक करायचे, म्हणून दिग्दर्शकाने मलाच माईकसमोर ढकललं. पाच दिवसांत मी अख्खा भोंगा बोलले. शेवटच्या दिवशी मला सांगितलं, बाईचा आवाज आहे कळलं तर लोक भोंग्याला सोडून आपल्यालाच हसतील, तेव्हा अळीमिळी गुपचिळी. पुढच्या सिनेमात तुझं नाव येईल. मी मूग गिळून बसले. पुढचा सिनेमा काही आला नाही. मग मी इस्पितळात उद्घोषणा करायला लागले, कोणते डॉक्टर कितव्या मजल्यावर, कुणाच्या नातेवाइकांनी कुठे यावं. ते एकतीस वर्षं केलं.

दोन वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली. ती आवाजाच्या नसेला चिकटून बसली होती, आणि काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता घशातून हवा जास्त येते, आवाज कमी. दुकानदार दोनदा विचारतो, फोनवर लोक हॅलो हॅलो करून ठेवून देतात.

तर रविवार. सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून चाहत्यांच्या मंडळाने सकाळी दहाचा खास खेळ ठेवला होता. लेकीने तिकिटं काढली. लहानपणी ती शाळेत सांगायची, भोंगा म्हणजे माझी आई, आणि मुलींनी तिचं नाव थापाडी ठेवलं होतं. त्यामुळे तिचाही या सिनेमाशी हिशेब होताच. पण नटवर्य येणार आहेत हे आम्हा दोघींनाही दारावरचा फलक बघूनच कळलं. 'भोंग्याचा आवाज' आणि खाली त्यांचा हा एवढा फोटो.

लेक म्हणाली, परत जाऊया का. मी म्हटलं, तिकीट काढलंय, बघूनच जाऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण आतून येणारं हसणं ऐकून पाय निघेना. आत चारशे माणसं. टक्कल पडलेली, पोट सुटलेली, नातवंडांना घेऊन आलेली, आणि प्रत्येकाच्या फक्त डाव्या हातात पांढरा हातमोजा. भोंग्याचा उजवा मोजा पहिल्याच मारामारीत हरवतो आणि शेवटपर्यंत सापडत नाही, म्हणून. अशी वेडी माणसं मला फार आवडतात, खोटं कशाला बोलू.

खेळाआधी नटवर्य मंचावर चढले. चौऱ्याऐंशीचे असतील, दोघांनी धरून आणलं. कुणीतरी उचकीचं विचारलं. ती उचकी म्हणजे या लोकांचं दैवत. मध्यंतराच्या आधी दोघे पोलीस क्रेनला लोंबकळत असतात, खाली नदी, खांबाने भोंग्याचा हात धरलेला. तेव्हा भोंगा म्हणतो, "हात सोडू नकोस, उच्, मला तुझ्याशी अजून भांडायचंय." नटवर्य गंभीर झाले. म्हणाले, ती उचकी म्हणजे माझ्या साधनेचं फळ. भीतीने माणसाचा श्वास कसा अडकतो, याचा मी तीन दिवस अभ्यास केला होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

साधना म्हणे. त्या दिवशी मी सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता माईकसमोर उभी होते. कुणीतरी तांब्या हातात दिला, मी तो घटाघटा प्यायले आणि उचक्या लागल्या. ध्वनिमुद्रक म्हणाला, राहू दे, वेळ नाही. त्या माझ्या उचकीवर हा माणूस चाळीस वर्षं मान डोलावतोय. लेकीने माझा हात दाबून धरला नसता तर मी तिथेच काहीतरी फेकलं असतं.

मग सिनेमा लागला, आणि इतक्या वर्षांनी मोठ्या पडद्यावर मी मला ऐकलं. काय आवाज होता माझा. कडक, उनाड, कुणाच्या बापाला न भिणारा. मी जे जे बोलत होते ते चारशे माणसं माझ्याबरोबर बोलत होती, श्वास कुठे घेतला तेसुद्धा त्यांना पाठ. क्रेन आली तेव्हा सगळ्यांनी एकदम उचकी दिली. माझ्या शेजारचा म्हातारा रडत होता आणि हसत होता. आपला गेलेला आवाज असा चारशे तोंडांतून ऐकायला मिळणं ही गोष्ट मी कुणाला समजावून सांगणार. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

मध्यंतराला दिवे लागले. पंधरा मिनिटांनी नटवर्यांना मंचावर मानचिन्ह द्यायचं होतं. मी उठले आणि थेट व्यवस्थापकाच्या खोलीत शिरले. नटवर्य खुर्चीत चहा पीत होते. मंडळाचे अध्यक्ष, मोटार शिकवण्याची शाळा चालवणारे एक पन्नाशीचे गृहस्थ, काचेचा एक पांढरा मोजा फडक्याने पुसत उभे होते. तेच मानचिन्ह.

नटवर्यांनी मला ओळखलं. लगेच ओळखलं, हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही. म्हणाले, "तू ती कागदवाली ना?"

मी म्हटलं, कागदवालीच. वर जाऊन खरं काय ते तुमच्या तोंडाने सांगा. ते हसले. इतकी वर्षं झाली, लोक आनंदात आहेत, आता उकरून कुणाचं काय भलं होणार, असं म्हणाले. मग अध्यक्षांकडे वळून, बाईंची तब्येत बरी दिसत नाही, जरा बाहेर बसवा.

अध्यक्ष माणूस सरळ होता. मला खुर्ची दिली, काकू म्हणाला, काय झालं विचारलं. मी सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत ऐकत होता, कारण कानाला फारसं काही लागत नव्हतं. या असल्या घशातून भोंगा निघाला होता यावर कुणाचा विश्वास बसेल? त्याने मान खाली घातली आणि परीक्षा घेतात तसा एकच प्रश्न विचारला. मध्यंतरानंतर रुग्णवाहिकेत बसताना खांब 'चल' म्हणतो, ते एक 'चल' त्याच्या बाकीच्या आवाजासारखं का नाही? यावर त्यांच्या मंडळात बारा वर्षं वाद चालू होता. नटवर्यांचं उत्तर, खांबाला आवाज देणाऱ्या नटाला सर्दी झाली होती.

"सर्दी कसली," मी म्हटलं. "खांबाचा नट काम संपवून गावाला गेला होता आणि एक शब्द राहिला होता. तो मी बोलले. जाड वाटावा म्हणून पत्र्याच्या बादलीत तोंड घालून. कडी हलली होती, ती ऐकू येईल."

अध्यक्षाने फोन काढला, ती जागा शोधली, कानाला लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा उतरला. आम्ही तो बेडीचा आवाज समजत होतो, असं पुटपुटला. नटवर्य कपातल्या चहाकडे बघत राहिले.

मला वाटलं, झालं. चाळीस वर्षांनी एका माणसाला तरी कळलं. आता हा माझा हात धरून मला वर नेईल. त्याने खरंच माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. वाकून नमस्कार करायला गेला, मी अडवलं.

मग म्हणाला, "काकू, एक विनंती आहे. बाहेर कुणाला सांगू नका." त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. या माणसांनी नटवर्यांची सही दंडावर गोंदवून घेतली आहे. त्याचा स्वतःचा भाऊ भोंग्यासारखं बोलत बोलत मोठा झाला आणि आता हयात नाही. भोंगा बाई होता हे कळलं तर त्यांचं बालपण खोटं ठरेल. तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, असंही म्हणाला.

नटवर्यांचा मला राग होता, पण त्या रागात मी मुरलेली होते. हा नवा होता. चोराने चोरी केली समजू शकते. पण ज्याला माल कुणाचा ते कळलंय, आणि जो पाया पडतो, त्याने म्हणावं की चोराकडेच राहू द्या, तिथेच शोभतो? आणि वर माझं मन मोठं. माझं मन मोठं आहे हे इतकी वर्षं ज्याने त्याने सांगितलं, दिग्दर्शकाने सांगितलं, इस्पितळात जादा पाळी लावताना सांगितलं, आणि दर वेळी त्या मोठ्या मनात कुणी ना कुणी आपलं सामान आणून टाकलं.

मी त्याला म्हटलं, "ते बालपण खोटं नाही रे बाबा. माझ्या घशातून आलंय."

बाहेर घंटा झाली, नटवर्यांना दोघे धरून न्यायला आले. मी त्यांच्या मागोमाग निघाले. अध्यक्ष, काकू काकू करत मागे, पण हात लावायची हिंमत त्याला झाली नाही. लेक मधल्या वाटेत उभी होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं. म्हणाली, आई, तू थांब, मी बोलते, माझा आवाज पोचेल. तिचा आवाज खरंच पोचला असता, माझाच आहे तो, तरुण. मी तिला बाजूला सारलं. माझ्या जागी दुसऱ्याने बोलायचं हे आता पुरे झालं.

मंचाला पाच पायऱ्या. नटवर्य मधल्या खुर्चीत टेकले होते. निवेदक काचेचा मोजा उंच धरून लोकांना दाखवत होता, एवढ्यात मी त्याच्यासमोरचा माईक हातात घेतला. तो गोंधळून अध्यक्षाकडे बघायला लागला. अध्यक्ष खालच्या पायरीवर थांबला होता आणि जमिनीकडे बघत होता. नटवर्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. विनवणीच होती ती. पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर मला भीती दिसली आणि मला जराही दया आली नाही.

समोर चारशे माणसं, चारशे पांढरे मोजे. मी बोलायला लागले. भोंग्याचा आवाज यांचा नाही, माझा आहे, एवढंच सांगायचं होतं. माईक असूनही शब्द विरत होते, अर्धे वाऱ्यासारखे जात होते. पुढच्या रांगांत कुजबुज सुरू झाली, कुणी हसलं. मी पुन्हा सांगितलं. मागून, अगदी शेवटच्या रांगेतून एक माणूस उठला आणि तोंडाशी मोज्याचा हात धरून म्हणाला, "बाई, जरा मोठ्याने बोला, तुमचं ऐकू येत नाहीये."

मी माईक ओठांना टेकवला.

"चाळीस वर्षं मलाच ऐकताय."