काला अंबला पहिली कोण

संक्रांतीला आम्ही दिल्लीतली काही मराठी मंडळी सायकलनं पानिपतला जातो. तिथल्या रणभूमीवरच्या काला अंबच्या स्मारकाला झेंडूची माळ घालायचा मान जो पहिला पोचेल त्याचा. गेली काही वर्षं तो मान माझा आहे आणि खरं सांगते, मला तो सोडायचा नव्हता.

पण यंदा ही श्रावस्ती उगवली. नागपूरची पोरगी, करोल बागेत राहून यूपीएससीचा अभ्यास करते. रविवारच्या लांब राइडला निम्म्या वेळा दांडी, कारण बाईसाहेब जिममध्ये वजनं उचलत असतात. "सायकल काय खांद्यावर घेऊन जायचीय का गं?" मी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती नुसती हसली. मग डिसेंबरात अरवलीच्या चढावर तिनं मला मागे टाकलं, तेही गप्पा मारत. माझा नुसता तिळपापड झाला.

घरी नवरा, धीरज, म्हणाला, "अगं, कधीचा सांगतोय. पायात ताकद असली की शेवटच्या तासात दम टिकतो. तू ऐकलं नाहीस, तिनं केलं यार, बस." माझ्याच घरात, माझ्याच हातची पोळी खात, तिचं कौतुक.

मग मीही जिम गाठली, संक्रांत तोंडावर आल्यावर. ट्रेनर "मॅडम, आराम से" म्हणत राहिला. श्रावस्ती घेते तेवढंच वजन खांद्यावर घेऊन मी उठाबशा काढल्या, दुसऱ्या दिवशीही काढल्या. संक्रांतीच्या सकाळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरचा जिना कठडा धरून उतरले.

निम्म्या वाटेवरच्या मुरथलपर्यंत हट्टानं रेटलं. पुढे मांड्या संपावर गेल्या. श्रावस्ती शेजारी आली. "ताई, माझ्या मागे राहा, वारा कमी लागेल."

"जा तू," मी म्हटलं. ती गेली.

मी पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबले होते. माळ तिच्या हातात. "ताई, तुम्हीच घाला. तुम्ही मोठ्या आहात."

मोठ्या म्हणे. माझा हात पुढे झालाच होता, तो मागे घेतला. "पहिली आलीस ना? मग घाल की." तिनं घातली. गाडीनं आलेल्या धीरजनंच फोटो काढले. मी जळत उभी राहिले.

मग तिथली माती कपाळाला लावायला सगळे खाली वाकले. माझे पाय वाकेनात. मी एकटीच ताठ. श्रावस्तीनं हात पुढे केला. मला तो धरायचा नव्हता. धरला. माझा सगळा भार तिच्यावर टाकून मी मातीपर्यंत पोचले आणि तिचा हात जरासुद्धा हलला नाही.