चंद्रीचं मलम

"या डब्यात हात कुणी घातला?" उकंडरावनं गोठ्यातूनच विचारलं.

शालूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुलाच इच्यारून राहिलो, प्रियंकाची माय."

"मला काय इच्यारता? म्हैस तुमची, मलम तुमचं."

"मंग गोपीचंदच असंल. त्याची म्हैस बी आत्ताच व्यालेली हाय," असं पुटपुटत उकंडरावनं डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा वर वळचणीला खोचून ठेवला.

शेजारच्या गोपीचंदचं नाव निघालं तशी शालूबाईच्या हातातली भाकरी तव्यावर जरा वाकडीच पडली.

चंद्री म्हैस उकंडरावचीच होती, यात वाद नव्हता. पुसेगावात माणसांशी बोलायची वेळ आली की उकंडराव अर्धं वाक्य पोटातच ठेवायचा. चंद्रीशी मात्र त्याच्या गप्पा संपत नसत. "हूं, बाय माझी. जरा थांब. झालंच बघ," असं म्हणत म्हणत तो धार काढायचा. थंडी पडून कोरडं वारं सुटलं की चंद्रीच्या सडांना भेगा पडायच्या आणि हात लागला रे लागला की ती लाथ झाडायची. मग उकंडराव स्वतः चुलीपुढं येऊन बसायचा. करडईच्या तेलात कडुनिंबाचा पाला कढवायचा, तेल गाळून घ्यायचा, त्यात मधाच्या पोळ्याचं मेण विरघळवायचा आणि वरून घरची हळद घालायचा. निवलं की लोण्यासारखं घट्ट, पिवळं मलम तयार. धार झाली की कास कोमट पाण्यानं धुऊन, कोरडी पुसून, एकेका सडाला ते हलक्या हातानं लावायचा. या घरात इतक्या निगुतीनं त्यानं दुसरं काही केलेलं शालूबाईला आठवत नव्हतं.

कढई घासायचं काम मात्र तिच्याकडं असायचं. यंदा दिवाळी झाल्यावर पहिल्यांदा मलम झालं, तेव्हा कढईच्या तळाशी बराच थर राहिला होता. राखेनं घासून टाकायचं तिच्या जिवावर आलं. तिनं बोटानं तो निपटून घेतला आणि सहज आपल्या टाचेला फासला.

टाचा तिच्या कैक वर्षांपासून फुटत होत्या. रात्री कूस बदलली की वाकळेचा दोरा भेगेत अडकायचा आणि ती दचकून जागी व्हायची. सकाळी उठताना भिंतीला धरून, पायाच्या कडेवर भार देत चार पावलं टाकावी लागायची. मग दिवसभराच्या रगाड्यात दुखणं मागं पडायचं. वसमतला दिलेल्या लेकीनं, प्रियंकानं, एकदा मलमाची ट्यूब दिली होती, ती आठवडाभरात संपली. दुसरी आण म्हणून सांगायला शालूबाईला लाज वाटली. शेतात राबणाऱ्या बाईच्या टाचा फुटायच्याच, असं तिनं मनाशी धरून टाकलं होतं.

कढईतल्या त्या मलमानं दुसऱ्याच दिवशी ठणका कमी झाला. मग तिला चटकच लागली. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ती मागच्या अंगणात कोमट पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसायची. कातडी मऊ झाली की वजरीनं हळूहळू घासायची, पाय पदरानं टिपायची आणि डब्यातलं बोटभर मलम भेगांत भरायची. वरून लेकाचे, रुद्रचे, जुने मोजे. तो हिंगोलीला कॉलेजात होता, त्याला मोजे गेल्याचा पत्ताही नव्हता. पौष लागेपर्यंत भेगा भरत आल्या. आणि डबा रिकामा होत आला.

उकंडरावनं डब्याची चौकशी केली त्याच दिवशी, ऊन कलताना, गोपीचंद फवारणीचा पंप मागायला आला. शालूबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"पंप ने की," उकंडराव म्हणाला. "पंप मागून नेतो, मंग मलम तेवढं न मागता काहून नेलं?"

"कशाचं मलम?"

"सडाचं. तुझ्या म्हशीला बी भेगा पडल्या असतील."

गोपीचंदचा चेहरा उतरला. "दादा, तुमच्या गोठ्यातून मी न सांगता काडी तरी नेली का आजवर? एवढ्या वर्षांचा शेजार हाय आपला."

शालूबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. भल्या माणसाला आपल्यापायी चोर ठरवणं तिला बघवेना. "अवं, ऐका," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिच्या पायाला काहीतरी ओलं, खरबरीत लागलं. चंद्रीची वगार दावं सोडवून ओट्यापाशी आली होती आणि तिची टाच मन लावून चाटत होती. शालूबाईनं पाय ओढून घेतला, तर वगारीनं दुसरा धरला. आईच्या कासेचा वास तिला बराबर ठाऊक होता.

"मलम मी लावलं," शालूबाई म्हणाली. "भावजींना बोलू नका."

गोपीचंदनं वगारीकडं पाहिलं, मग टाचेकडं पाहिलं आणि त्याला असं हसू फुटलं, की ओट्याच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. "दादा, ह्या वगारीला पोलिसात भरती करा," एवढं तो कसाबसा म्हणाला.

उकंडराव मात्र हसला नाही. "म्हशीचं मलम माणसाला लावतेत का?"

आता शालूबाईलाही राहवेना. "चंद्रीनं पाय उचलला की तिला कुठं दुखून राहिलं, ते तुमाला कळतंय. मी हिवाळ्यात रोज भिंतीला धरून उठते, ते काहून दिसलं न्हाई?"

"तू कधी सांगितलं न्हाई."

"तिनं तरी कुठं सांगितलं?"

गोपीचंदचं हसू थांबलं. पंप न घेताच तो हळूच निघून गेला. उकंडराव वगारीला दाव्याला धरून गोठ्यात घेऊन गेला.

पुढचे दोन दिवस घरात बोलणं असं झालंच नाही. नवल म्हणजे उकंडराव चंद्रीशीही बोलेना. तिला ते मानवलं नाही. ती मान वळवून वळवून मागं बघायची, पान्हा चोरायची. डेअरीला दूध कमी गेलं. शालूबाईला आतून वाईट वाटत होतं, पण माघार घ्यावी असं काही वाटत नव्हतं. आपण बोललो ते खरंच बोललो, हे तिनं भाकऱ्या करताना दोनतीनदा तपासून पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी उकंडराव सकाळीच कुठं गेला तो दुपारी आला. सोबत गोपीचंद. उकंडरावचा एक डोळा सुजून मिटला होता, गोपीचंदचा कान वांग्यासारखा झाला होता, आणि दोघांच्या मधे बादलीत मोठं पोळं होतं.

"अगं बाई. हे काय करून घेतलं?"

"मेण संपलं होतं," उकंडराव म्हणाला.

"बांधावरच्या बाभळीवर होतं, वहिनी," गोपीचंदनं सांगितलं. "धूर कर म्हणलं तर दादा म्हणतेत, माश्या वळखीच्या हायत. वळख दाखवली त्यांनी."

शालूबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावलं नाही. उकंडरावही उरलेल्या एका डोळ्यानं हसला. गोपीचंद वाटीभर मध आणि फवारणीचा पंप घेऊन घरी गेला.

दुपारभर कढई चुलीवर होती. या वेळी मलमाचे दोन डबे भरले. उकंडरावनं एक गोठ्यात ठेवला आणि दुसरा आणून भिंतीतल्या देवळीत तिच्या कुंकवाच्या डबीशेजारी. मग घमेल्यात कोमट पाणी घेऊन आला, मीठ टाकलं आणि ओट्याखाली ठेवलं.

"पाय घाल."

"मी घेते की करून. तुमी सरका."

"पाय घाल म्हणलं ना."

"अवं, बायकोच्या पायाला हात लावतेत का? कुणी पाहिलं तर?"

"अंगणाचं दार लावलं हाय." मग पाण्यातलं मीठ हातानं ढवळत तो म्हणाला, "म्हशीचे सड धुताना कधी कमीपणा वाटला न्हाई. इथं काहून वाटावा?"

शालूबाईनं पाय पाण्यात सोडले. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, पण कुठं बघावं ते तिला कळेना, म्हणून ती आढ्याकडं बघत बसली. उकंडरावनं टाच धुतली, कोरडी पुसली, मलम अंगठ्यानं भेगांत बसवलं. एका जागी भेग खोल होती. तिथं अंगठा लागताच तिचा पाय आखडला, तसा तो खाली मान घालूनच सवयीनं बोलून गेला, "हूं, बाय माझी. जरा थांब. झालंच बघ."

त्याचा अंगठा तिथंच थांबला. मग शालूबाई इतकी हसली, की घमेलं कलंडून पाणी अंगणभर झालं.

"मी काय लाथ झाडून राहिले व्हय?"

"झाडशील बी. परवा झाडलीच की."

माघातल्या एका सोमवारी आळीतल्या बायकांनी औंढ्याला जायला जीप ठरवली. मागची दोन वर्षं शालूबाईनं काही ना काही निमित्त काढून जायचं टाळलं होतं. नागनाथाच्या दर्शनाची रांग लांब आणि सगळी अनवाणी. या वेळी ती आपण होऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली.

चपला फुलवाल्याकडं ठेवून बायका रांगेला लागल्या. पुढं नारळवाल्यांचा गलबला, मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. रांग सरकत सरकत देवळात शिरली आणि शालूबाईनं उन्हातून सावलीतल्या काळ्या दगडावर पाय ठेवला. आजवर देवळात आली की ती चवड्यावर, कडेकडेनं चालायची. आज तिनं पूर्ण पाऊल टेकवलं, टाचेसकट.

ती तिथंच उभी राहिली. पुढं जागा मोकळी झाली तरी हलली नाही.

"चला की, बाई," मागून गोपीचंदची बायको सुनिता म्हणाली. "काहून थांबल्या? पाय दुखून राहिला का?"

"न्हाई गं," शालूबाई म्हणाली. "फरशी किती गार हाय."

आणि दुसरं पाऊलही तिनं तसंच, सावकाश, पुढच्या फरशीवर टेकवलं.