मोडेमचा तिसरा दिवा

मोडेमचा तिसरा दिवा एका मिनिटात अठ्ठेचाळीस वेळा लुकलुकत होता. सत्यशीलाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो तीनदा मोजला होता. एकदा सत्तेचाळीस आले, पण ती चूक डोळ्यांची असावी. पहिला दिवा विजेचा, तो ठाम होता. दुसरा बाहेरून घरात येणाऱ्या सिग्नलचा, तोही चार-पाच मिनिटांत ठाम व्हायचा. तिसरा घरातून बाहेर जाणाऱ्या सिग्नलचा. तो स्थिर झाल्याशिवाय चौथा, म्हणजे नेटचा, लागत नाही, असं खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं. चौथा दिवा अकरा दिवसांत एकदाही लागला नव्हता.

पूर्णेहून रोज रेल्वेने चुडाव्याला जाऊन सत्यशीलाबाईंनी बावीस वर्षं तिथल्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. मोजायची सवय तिथली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ती गेली नव्हती. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती सेकंद जातात हेही त्यांना ठाऊक असायचं.

पण दोन वर्षं एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नव्हतं. मुलगी सुकेशनी पुण्यात नोकरीला होती. बाप गेल्यावर पहिलं वर्ष ती गप्प बसली, मग दर फोनला विचारायला लागली, "आई, इकडं कधी येतेस राहायला?" आणि बाई म्हणायच्या, "बघू." गेल्या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरून बाईंचं मनगट मोडलं, तेव्हा सुकेशनीने एका महिन्यात तीनदा रजा काढली. तिसऱ्यांदा परत जाताना दारात चप्पल घालता घालता रडली. बाईंना त्या रडण्याचीच भीती वाटायची. 'येत नाही' म्हणावं तर पोरीच्या रजांचा अपमान, 'येते' म्हणावं तर जीभ वळत नव्हती.

शेवटी सुकेशनीनेच तोड काढली. घरात मोबाईलला रेंज धड नव्हती, बोलण्यासाठी बाईंना गच्चीवर जावं लागायचं. "केबलवाल्याकडून नेट लावून घे," ती म्हणाली. "रोज सकाळ-संध्याकाळ मला तुझा चेहरा दिसला पाहिजे. दिसला तर राहा तिथं. नाही तर मी येऊन तुला घेऊन जाते, मग 'बघू' चालणार नाही." मुदत आज, शनिवारी, दुपारी चारची होती. चार वाजता ती व्हिडिओ कॉल करणार. नाही लागला तर रात्रीच्या गाडीत बसून उद्या सकाळी दारात. परतीची दोन तिकिटंही तिने काढून ठेवली होती.

तीन वाजता बुद्धभूषण आला. केबलवाल्याकडे तो लाइनमन होता, चाळिशीला टेकलेला, डोक्यावरचे केस मागे सरकलेले. सातवी ते दहावी बाईंच्याच हाताखाली.

"जय भीम, बाई."

"जय भीम. तिसऱ्यांदा आलास बरं का. पहिल्या वेळी टोकं बदललीस, दुसऱ्या वेळी मोडेमच बदललंस. आज काय, मला बदलणार?"

"तुमाला कोण बदलतंय बाई," तो पिशवी खाली ठेवत म्हणाला. "आमी शाळंत असताना लय जणांनी अर्ज केलते."

बाई हसल्या. त्याने खिशातून मापायचं यंत्र काढलं, वायरीला जोडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"येतंय सगळं. खांबावरनं येनारं घरापर्यंत ठीक हाय. थोडं कमी हाय, पन हाय. घरातून बाहेर जाईना गेलंय. कुठंतरी कचरा शिरायलाय लाइनीत. जुन्या सडक्या वायरीतून असा गोंगाट येतो बगा, मंग आपल्या मोडेमचं बोलनं तिकडं कुनाला कळतच न्हाई." त्याने मान वर करून वायरीचा माग काढला. दारावरून आलेली वायर भिंतीच्या कोपऱ्याने कपाटामागे जात होती, तिथून टीव्हीजवळच्या मोडेमकडे. "वायर तर मी सगळी तपासली. मधी कुठं जोड न्हाई ना बाई?"

भिंतीपलीकडून सुलाबाईंच्या टीव्हीचा आवाज येत होता. साडेतीनच्या मालिकेच्या आधीच्या जाहिराती. सुलाबाई सत्तरीच्या, गुडघ्यांनी जाम झालेल्या, घरात एकट्या. दोन्ही घरांमध्ये एक विटेची भिंत होती. गुडघे धरल्यापासून त्या फारशा बाहेर पडत नसत, पण दुपारी साडेतीन आणि संध्याकाळी सात, या दोन वेळा त्यांचा टीव्ही लागला नाही असं झालं नव्हतं. बाई तो आवाज ऐकायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. उलट बाजूनेही तसंच चालायचं. बाई न्हाणीत पडल्या त्या दिवशी इकडच्या बातम्यांचा आवाज आला नाही म्हणून सुलाबाईंनी भिंत ठोकली होती, आणि उत्तर मिळालं नाही तेव्हा त्या दुखऱ्या पायांनी अंगण ओलांडून आल्या होत्या. रिक्षा बोलावली ती त्यांनीच.

"बाई, जोड न्हाई ना?" बुद्धभूषणने पुन्हा विचारलं.

बाईंना आठवलं नव्हतं असं म्हणणं खरं ठरलं नसतं. पहिल्याच दिवशी आठवलं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, एवढंच. कारण पुढे काय होईल हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. आणि आणखी एक, जे त्या स्वतःशीही जपून बोलायच्या: तिसरा दिवा तसाच लुकलुकत राहिला असता, तर निर्णय आपोआप झाला असता. तो ना त्यांनी घेतलेला असता, ना त्यांनी नाकारलेला. पोरं प्रयोग न करताच वहीत उत्तर लिहायची तेव्हा बाई ती वही परत करायच्या.

"आहे," बाई म्हणाल्या. "कपाट सरकव."

कपाट सरकवलं तर मागे नुसती भिंत. फिक्या निळ्या रंगाची, सरळ. वायर भिंतीला चिकटून खाली गेलेली, तीही निळीच.

"कुठं हाय?"

बाईंनी भिंतीवरून बोटं फिरवली. कमरेच्या उंचीवर एक बोटभर उंचवटा हाताला लागला. "इथं. घरातल्यांनी बसवलं होतं. स्प्लिटर."

बारा वर्षांपूर्वी सुलाबाईंच्या मालकांना जाऊन सहा महिने झाले होते. त्या संध्याकाळी टीव्ही बघायला इकडे यायच्या, दाराशीच बसायच्या, आणि एक दिवस यायच्या बंद झाल्या. रोज रोज दुसऱ्याच्या घरात बसायचं त्यांना जड वाटायला लागलं होतं. खांबावरून त्यांच्या घरी वायर न्यायची तर पलीकडच्या शेजाऱ्यांच्या गच्चीवरून न्यावी लागत होती, आणि ते लोक नको म्हणत होते. सूर्यभान, बाईंचे मालक, रेल्वेच्या सिग्नल खात्यातले. त्यांनी एका रविवारी भिंतीला भोक पाडलं, एका वायरीच्या दोन करणारा तो तुकडा इकडे बसवला आणि एक फाटा सुलाबाईंच्या घरात सोडला. पुढे सुलाबाईंनी स्वतःच्या नावावर वेगळा सेट टॉप बॉक्स घेतला, पण वायर तीच राहिली.

आणि दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी, जयंतीसाठी घर रंगवताना, सूर्यभान त्या तुकड्यावरूनही ब्रश फिरवायचे. भिंतीवर काळं काही दिसलेलं त्यांना खपत नसे. ते गेल्यावर तो ब्रश बाईंनी फिरवला.

बुद्धभूषणने पात्याने खरवडायला सुरुवात केली. निळ्याखाली बदामी निघाला, त्याखाली पोपटी, मग पुन्हा निळा. बाई जवळ वाकून मोजत होत्या. बारा वर्षांत थर अकरा. एका एप्रिलमध्ये या घरात रंगाचा डबा आलाच नव्हता. त्या महिन्यात सूर्यभान दवाखान्यात होते, आणि तिथून ते परत आले नाहीत.

"अरारा," बुद्धभूषण म्हणाला. रंगाच्या पोपड्यातून गंजलेला तुकडा निघाला होता. "बाई, हे तुमी मला आदी सांगितलं असतं तर माझ्या दोन चकरा वाचल्या असत्या की."

"खरं आहे. चुकलंच माझं."

बाईंनी असं सरळ कबूल केल्यावर त्याचीच पंचाईत झाली. तो घाईने यंत्राकडे वळला. "तिकडं जानारी वायर सडलेली हाय बगा, तांबं हिरवं पडलंय. सगळा गोंगाट तिच्यातून यायलाय. तेवढी काढली की झालं."

"आणि सुलाबाईंचा टीव्ही?"

"त्यो बंद हुईल." त्याने मान खाजवली. "नुसत्या टीवीसाठी आमचे मालक आता नवी वायर टाकू देत न्हाईत. म्हनतात, नेट घ्या तर टाकतो. सुलामावशी काय नेट घेनार."

घड्याळात पावणेचार झाले होते.

"काढून बगू का? नुस्तं बगायला, खरंच हेच कारन हाय का."

हे मात्र बाईंना पटलं. कारण सिद्ध करायचं तर ते काढून बघायलाच हवं. त्यांनी मान हलवली.

त्याने गंजका तुकडा काढला आणि खांबाची वायर सरळ मोडेमकडच्या वायरीला जोडली. भिंतीपलीकडे मालिकेतली सासू काहीतरी बोलत होती. ती वाक्याच्या मधेच थांबली. इकडे पहिला दिवा होताच, काही मिनिटांनी दुसराही ठाम झाला. तिसरा लुकलुकायला लागला. बाईंनी मोजायला सुरुवात केली. तेविसाव्या वेळेला तो थांबला आणि तसाच जळत राहिला. मग चौथा लागला.

"लागलं!" बुद्धभूषण टाळी वाजवून म्हणाला. "झालं तुमचं काम, बाई. आता च्या पाजा."

भिंतीवर तीन थापा पडल्या. बाईंनी उलट तीन मारल्या, पण त्या कपाटाच्या जागेवर, नेहमीच्या ठिकाणी नाही, त्यामुळे तिकडे ऐकू गेल्या की नाही कोण जाणे. दोन मिनिटांनी दारात काठीचा आवाज झाला. सुलाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या, धाप लागलेली, पदर सुटलेला.

"काय झालं गं मास्तरीण?"

"काही नाही सुलाबाई. तुमी कशाला आलात उठून? टीव्ही आमीच बंद पाडलाय."

"मसनात गेला टीवी. पंखा फिरतोय, लाईट हाय, अन् टीवीच तेवढा गेला. म्हनलं, वायर तर तुज्याकडून येती. तूच पडलीस का काय वायरीवर." त्या आत येऊन खुर्चीत बसल्या आणि बुद्धभूषणकडे बघून म्हणाल्या, "अन् हा बाबा भिताड कशाला उकरायलाय? सूर्यभानभाऊ असते तर काठी घातली असती टकुऱ्यात."

"मावशी, त्यांनीच पुरून ठेवलंय की हे," बुद्धभूषण म्हणाला.

"मंग नीट पुर म्हनावं परत."

मोबाईल वाजायला लागला. चारला दोन मिनिटं कमी होती. घरात बसून बाईंनी पहिल्यांदाच फोनवर मुलीचा चेहरा बघितला. चेहऱ्याचे तुकडे झाले नाहीत, तो मधेच थिजला नाही. सुकेशनीच्या कपाळावरचा एक पांढरा केससुद्धा दिसला.

"आई! दिसतेयस तू! एकदम क्लिअर!" सुकेशनी ऑफिसच्या जिन्यात उभी होती. "आणि ही मागे कोण? सुलामावशी? जय भीम मावशी!"

"जय भीम बाय. वाळलीस गं लय."

"मावशी, तुम्ही दर वेळी हेच म्हणता." ती हसली. मग आईकडे बघून तिचा आवाज उतरला. "बरं झालं गं. मी सकाळीच बॅग भरून ठेवली होती. मग आता उद्या येत नाही. तिकिटं रद्द करते. दोन-तीन महिने बघू कसं चालतंय नेट. मग ठरवू."

बाईंनी तिच्या तोंडून 'बघू' ऐकलं आणि क्षणभर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकल्यासारखं झालं. हीच सवय पोरीला लागली होती. आता दोन-तीन महिने ही रोज सकाळी उठून आधी आईकडचा दिवा लागलाय का ते बघणार, आणि ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी जिन्यात उभी राहून गाड्या शोधणार.

खुर्चीत सुलाबाई गुडघा चोळत होत्या. त्यांनी टीव्हीबद्दल अजून एक अक्षर विचारलं नव्हतं.

"बुद्धभूषण," बाई म्हणाल्या, "ही वायर बाजारात मीटरवर मिळते?"

"मिळती की."

"सोमवारी आण. भिंतीतून सुलाबाईंपर्यंत नवी ओढू. खांबावर चढायचं नाही, कुणाच्या गच्चीवरून जायचं नाही, म्हणजे तुझ्या मालकाला सांगायचंही कारण नाही. स्प्लिटर पण नवा आण. मग दोन्ही चालेल ना?"

त्याने जरा विचार केला. "चालंल. चांगलं चालंल."

"मग आज जुनं होतं तसं जोड."

"बाई, पन मंग नेट जाईल की. फोन चालू हाय ना तुमचा."

"आई?" सुकेशनी म्हणाली. "काय चाललंय? कशाला काढताय? चांगलं लागलंय ना!"

"दोन दिवसांसाठी जाईल. सोमवारी परत लागेल." बाईंनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. "थांब रे बुद्धभूषण, एक मिनिट. सुकेशनी, रडू नको आणि मधे बोलू नको, आधी ऐक. तू आलीस की मला बरं वाटतं. तू नेशील तिथं माझी नीट काळजी घेशील, हे मला माहीत आहे. त्यात काही कमी नाही. हे नेट लागलं तरी, नाही लागलं तरी, मी पुण्याला राहायला येणार नाही. मी इथंच राहणार आहे."